अजून थोडं बघू

आमच्या कॉलेजात हृदय आणि फुप्फुसांच्या शस्त्रक्रियेचा जो प्राध्यापक होता, त्याला विद्यार्थी पाठीमागे फुगेवाला म्हणत. त्याला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. मी त्याच्याच बॅचची, भूलतज्ज्ञ. आमचा धंदा माणसांना झोपवायचा, आणि लोक विसरतात पण उठवायचाही. उभी हयात मी त्याच्या ऑपरेशन टेबलाच्या डोक्याशी बसून काढली आहे, त्यामुळे माझ्याकडून त्याच्याविषयी गोडगोड काही ऐकायला मिळेल अशी आशा कुणी ठेवू नये. त्याच्या सत्काराला एक स्मरणिका निघाली होती, तिच्यात तसलं भरपूर आहे.

सुरुवात त्याने हृदयापासून केली. हात चांगला होता, नाव होत होतं, आणि मग एकाएकी तो फुप्फुसांच्या नादी लागला. मी त्याला वेड्यात काढलं. हृदयावर लोक गाणी रचतात, फुप्फुसांची आठवण खोकला झाल्याशिवाय कुणाला येत नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी छातीवर दगड ठेवून दान केलेली फुप्फुसं बहुतेक वेळा फेकून द्यावी लागतात, कारण काढेपर्यंत ती पाणी धरून सुजलेली असतात. आणि इकडे वाट बघणारी माणसं श्वासाश्वासाला झुरून मरतात. ती फेकण्याऐवजी शरीराबाहेरच दुरुस्त करता आली तर?

एवढ्या एका 'तर'साठी त्याने पुढचं आयुष्य घातलं. त्याला तळघरात लाँड्रीच्या शेजारची खोली मिळाली. भिंतीला कायम ओल, हवेत साबणाचा आणि गरम चादरींचा वास. खाटीकखान्यातून डुकरांची फुप्फुसं बर्फाच्या बादलीतून यायची. काचेचा एक घुमट, खाली पंप, भोवती नळ्यांचं जंजाळ. फुप्फुसं घुमटात ठेवायची, रक्तवाहिन्यांतून औषधी पाणी फिरवायचं आणि श्वासनळीतून हवा भरायची. पहिली काही वर्षं ती फुगायची आणि गळायची. हा पुसून पुन्हा बसायचा. लग्न केलं नाही. वेळच मिळाला नाही असं तो सांगायचा, कुणी विचारलंच नाही असं त्याची ताई सांगायची.

ताई त्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं. शाळेत पी.टी.च्या बाई, गळ्यात कायम शिट्टी. तो देशोदेशी भाषणं करून यायचा आणि ती दारातच विचारायची, "बाळ्या, पाठ सरळ ठेवून बोललास ना?" मीही तिला ताईच म्हणायचे. तिच्यासमोर मीही पाठ सरळ करूनच बसायचे.

शेवटी यंत्र जमलं आणि माणसांसाठी वापरात आलं. नियम त्यानेच घालून दिले. काही तास यंत्रावर ठेवल्यावर फुप्फुसं किती प्राणवायू उचलतात त्याचा आकडा बघायचा. आकडा ठरवून दिलेल्या रेषेच्या वर असेल तर घ्यायची, खाली असेल तर नाकारायची. नाकारली की ताबडतोब घुमट उघडून अभ्यासासाठी दोन्हींचे तुकडे कापायचे, कारण शिळा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली काही सांगत नाही, असा त्याचा हट्ट होता. एकदा घुमट उघडला की ती फुप्फुसं कुणाच्या छातीत जाऊ शकत नसत. पुढे ती दम तोडेपर्यंत तशीच यंत्रावर चालवून निरीक्षणं घ्यायची.

पण नाही म्हणण्याआधी त्याची एक खोड होती. आकडा रेषेला टेकता टेकता राहिला, की तो स्टुलावर मागे रेलून म्हणायचा, "अजून थोडं बघू." नियमात तेवढी मुभा त्याने ठेवली होती, मुख्य सर्जनच्या मर्जीवर. विद्यार्थी त्याची नक्कल करायचे. कँटीनमध्ये चहा यायला उशीर झाला तरी कुणीतरी रेलून तेच म्हणायचं. या खोडीने कितीतरी फुप्फुसं रेषेच्या वर आली आणि कितीतरी आली नाहीत. पण त्याने बघितलं नाही असं कधी झालं नाही.

आणि मग ताईची फुप्फुसं सुकायला लागली. आतून वण धरत जाणारा आजार, औषध नाही. नाकात नळी आणि पलंगाशी प्राणवायूचं सिलिंडर आलं. एकदा मी गेले तर तिने गंमत म्हणून शिट्टी तोंडात धरली. नुसती हवा आली, तीही अर्धवट. ती हसली. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. दुसरी फुप्फुसं मिळाली तरच ती वाचणार होती, आणि हे त्याच्याइतकं नेमकं कुणालाच कळत नव्हतं.

तिचं नाव प्रतीक्षायादीत इतरांसारखंच लागलं. ऑपरेशन त्याने आपल्या हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थ्याकडे सोपवलं. यंत्राचा निर्णय मात्र त्याच्याचकडे राहिला, कारण तो घ्यायला दुसरं कुणीच नव्हतं. तेव्हापासून तो घाबरल्यासारखा वागायला लागला. बहिणीसाठी काही केलं असं कुणी म्हणेल, या भीतीने तो विभागात तिचं नावसुद्धा घेईनासा झाला.

एका सकाळी फुप्फुसं आली, आणि ती तिच्या मापाची होती. ताईला थिएटरशेजारच्या खोलीत आणलं. निरोप येईपर्यंत भूल द्यायची नव्हती, म्हणून मी तिचा हात धरून बसले. शिट्टी कुठे ठेवायची, असं तिने विचारलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मीच वाजवून बघेन म्हणाले, तर म्हणाली, माझ्या उष्ट्या शिट्टीला हात लावायचा नाही.

खाली काय झालं ते विद्यार्थ्याने मला नंतर सांगितलं. सांगताना तो रडत होता. आकडा रेषेच्या खाली होता, पण जरासाच. विद्यार्थी वाट बघत उभा राहिला. सर रेलले नाहीत. शेवटी तोच म्हणाला, "सर, अजून थोडं बघू या का?"

"नको."

"सर, दुसरं कुणी असतं तर तुम्हीच..."

"दुसरं कुणी नाहीये, म्हणूनच नको. तुकडे काढ."

ताईला मी सांगितलं. तिने मान हलवली, चष्मा मागून घेतला आणि ढकलखुर्चीत बसून वॉर्डात परत गेली.

दुपार उलटल्यावर मी भांडायलाच तळघरात उतरले. लाँड्रीची यंत्रं घरघरत होती. तो स्टुलावर बसला होता. घुमटात फुप्फुसं वरखाली होत होती, हलकी, गुलाबी, कोपरे कापलेली. मी आकडा बघितला. तो रेषेच्या वर होता, चांगलाच वर.

"मला वाटलं, थांबलो तर तिच्यासाठी नियम वाकवल्यासारखं होईल," तो म्हणाला.

मला त्याचा इतका राग आला की तो अजून गेलेला नाही. मी म्हटलं, "थांबणं हाच तुझा नियम होता. तू तो सगळ्यांसाठी पाळलास. फक्त तिला सोडून."

ती फुप्फुसं चालत होती तोवर तो तिथून हलला नाही, दर थोड्या वेळाने आकडा टिपत राहिला. मला ते बघवेना. पण सांगायलाच हवं, त्या आकड्यांवरून त्याने सिद्ध केलं की थांबण्याची मुदत वाढवली पाहिजे. तो त्याचा सगळ्यात गाजलेला निबंध. आता मुभा-बिभा नाही, सगळीकडे नियमानेच जास्त थांबतात आणि त्यामुळे माणसं जगतात. लोक त्याचे पाय धरायला येतात आणि तो दार लावून आत बसतो. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं ताईकडे गेलो. तिने विचारलं, "फार खराब होती का रे?"

"हो," तो म्हणाला.

"मग बरं झालं. बसवली असतीस आणि मी गेले असते, तर तुझ्या जिवाला जन्मभर लागून राहिलं असतं." तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सवयीने ती सरळ केली.

दुसरी फुप्फुसं आली नाहीत. काही आठवड्यांनी तिला श्वास घेणं अशक्य झालं. घशात नळी घालू नका असं ती मला बजावत आली होती. पण ऐन वेळी तो माझ्याकडे असा बघत उभा राहिला की मी नळी घातली. यंत्र तिच्यासाठी श्वास घेऊ लागलं. आमच्यापुढे येणारे आकडे रोज खाली जात होते आणि ते वाचायला आम्हा दोघांनाही कुणी शिकवायची गरज नव्हती. शेवटी मी त्याला म्हटलं, आता तिला सोडू या, तिनेच सांगितलं होतं.

तो पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला होता. तिची छाती वर आली, खाली गेली. तो मागे रेलला.

"अजून थोडं बघू," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत मी त्याला त्या वाक्यावर कधी अडवलं नव्हतं. मी उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नको म्हणाले. मग मी यंत्र बंद केलं.