मोज्यांच्या कारखान्यातली बदली

मागच्या रविवारी दुपारी मी नायगावच्या चाळीतल्या आमच्या खोलीत मोबाईलवर ॲनिमे बघत बसलेले, आणि आजोबा येऊन बाजूला टेकले. असं कधी होत नाही आमच्याकडे... ते त्यांच्या खुर्चीत, मी माझ्या कोपऱ्यात.

मी पोस्ट वगैरे टाकत नाही. चार लोकांत बोलायला पण जमत नाही मला. पण ग्रुपवर सगळे विचारतात, चांगला ॲनिमे सांग... म्हणून लिहितेय.

मारामारीवाले सगळ्यांना माहितीयेत. मला कामावर जाणाऱ्या मोठ्या माणसांचे आवडतात. त्यात काही होत नाही. माणसं उठतात, कामाला जातात, कोणाचा तरी ओरडा खातात, चहा पितात, घरी येतात. शाळेतले मी बघत नाही. आईच्या आजारपणात नववीतच माझी शाळा सुटली, ते युनिफॉर्म बघवत नाहीत मला.

हा आहे तो एका छोट्या मोज्यांच्या कारखान्याचा. सहा मशिनी, पाच माणसं. त्यात चाळिशीची एक बाई नवीन कामाला लागते. खालचं इंग्लिश मला पटकन वाचता येत नाही, म्हणून पॉज करत करत बघते... वीस मिनिटांचा एपिसोड माझा तासभर चालतो.

आजोबांना ऐकायला कमी येतं. तरुणपणी गिरणीत मागावर होते, त्या आवाजात कान गेले. त्यामुळे त्यांना जपानी काय नि मराठी काय. नुसते बघत होते. गिरणी, संप, ते सगळं आमच्या घरात कोणी काढत नाही. मला एवढंच माहिती, की संप झाला आणि आजोबा परत आत गेले नाहीत.

अर्ध्यात त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. व्हिडिओ थांबला.

"ही बाय बदली आसा."

मी म्हटलं, "आजोबा, तसं काही सांगितलं नाही अजून." त्यांच्याशी मोठ्याने बोलावं लागतं, शेजारच्या काकींना पण सगळं कळतं.

"सांगूक कशाक होया? बघ ना. सगळ्यांच्या पिशव्या खुंटीक. हिची पायाकडे."

मग त्यांनी मला समजावलं. पक्का कामगार आला नाही तर त्या दिवसापुरतं त्याच्या जागी ज्याला घेतात, तो बदली. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, नाव पुकारलं तर आत. खुंटी पक्क्याची असते. बदलीवाल्याने सदरा घडी करून खिडकीत ठेवायचा.

"सात वर्सा माझो सदरो खिडकीत," म्हणाले.

मी पटकन व्हिडिओ परत चालू केला. कारण मी परळच्या बेकरीत पॅकिंगला आहे, आणि घरी सांगितलेलं की पक्की लागले. खरं म्हणजे मी सुनंदाताईंच्या जागेवर होते. त्या डिलिव्हरीसाठी सुट्टीवर गेलेल्या. सोमवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, त्या परत येणार होत्या. मालकांना विचारलं तर म्हणाले, बघू. मी ठरवलेलं, तसाच डबा घेऊन रोज निघायचं... दुसरं काम मिळेपर्यंत कुठेतरी बसायचं.

एपिसोडच्या शेवटी कळलं, मोजेवाली बाई खरंच कोणाच्या तरी जागेवर आलेली. मी वाचून सांगितलं. आजोबा खूश झाले नाहीत.

"तू ॲप्रन रोज घराक आणतंस गो."

"धुवायला."

"रोज?"

मी पुढचा एपिसोड शोधायला लागले.

मग तेच बोलले. लग्न जमवताना त्यांनी आजीकडे सांगितलेलं, मी गिरणीत पक्का. पुढे होणारच आहे, तर काय फरक पडतो, असं वाटलेलं. मग संप लागला. बदलीवाले पण बाहेर राहिले. नंतर गिरणीने यांना बोलावलंच नाही. आजीला खरं कळलं ते दुसऱ्याच कोणाकडून, पाण्याच्या नळावर.

मी विचारलं, आजी काय बोलली?

"काय नाय. बोलली असती तर बरा झाला असता." आणि थोड्या वेळाने, "आईक तूच सांग. दुसऱ्यान सांगूच्या आधी."

संध्याकाळी आई मेथी निवडत होती तेव्हा सांगितलं. तिचा हात थांबला. "आख्ख्या माळ्यावर पेढे वाटले गं मी..." एवढंच म्हणाली. मग कितीतरी वेळ मेथीच निवडत राहिली. शेवटी विचारलं, "ॲप्रन त्यांचा का तुझा?"

"माझा."

"मग ठेव. लागेल."

सोमवारी सुनंदाताई आल्या, सगळ्यांना बाळाचे फोटो दाखवत होत्या. मी पण बघितले. गोड आहे. दुपारपर्यंत त्यांचं काम त्यांना परत सोपवून मी घरी आले... तर दारामागे आजोबा स्टुलावर उभे, हातात हातोडी. भिंतीत नवीन खिळा.

आई म्हणत होती, "चाळ पाडायला आलीय आणि बाबांना खिळे सुचतात!" आजोबांना ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं. मला फक्त म्हणाले, "लाव."

मी ॲप्रन लावला.

काम अजून मिळालेलं नाही. काल लालबागला एका ठिकाणी विचारून आले. सगळ्यांसमोर पहिलंच विचारलं, पक्की की बदली?

ॲनिमे बारा एपिसोडचा आहे. नाव मला नीट लिहिता येत नाही, स्क्रीनशॉट कमेंटमध्ये टाकते. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला घेऊन बघा, आवाज नसला तरी चालतं. आमचे तीन राहिलेत. आजोबा रोज विचारतात, "झाली काय ती पक्की?" मी एकटीने पुढचं बघितलेलं नाही... जे काय होईल ते दोघांना एकदमच कळू दे.