व्होल्स्कच्या लिडिया पाव्हलोव्हना

फाइना लुकिनिच्ना दोरोखोवा रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा लोकांच्या शिव्या वाचायची. पगार त्याचाच होता.

सारातोवमधल्या एका कंपनीनं ‘मोस्तोक’ नावाची, लिनक्सवर बेतलेली संगणकप्रणाली काढली होती. मोस्तोक म्हणजे छोटासा पूल. विंडोजसाठी लिहिलेले तुमचे जुने प्रोग्राम आमच्या प्रणालीवर जसेच्या तसे चालतील, कुणाला नव्यानं काही शिकावं लागणार नाही, असा कंपनीचा दावा. विंडोज सोडा म्हणून सरकारातून हुकूम सुटल्यापासून शाळा, कचेऱ्या, दवाखाने यांच्यासाठी मोस्तोकची धडाधड खरेदी चालली होती. वापरणारी माणसं कंपनीच्या संकेतस्थळावर अभिप्राय लिहीत. फाइना ते वाचायची, तक्रारी वेगळ्या काढायची आणि प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरांकडे पाठवायची.

अभिप्राय असे असत. ‘अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, आमचं जन्ममृत्यूचं रजिस्टर न्हाणीघराच्या फरशीसारखं झालंय.’ ‘पूल कसला, फळकूट आहे. अर्ध्यात गेलो की पाण्यात.’ ‘वेळापत्रक उघडायला अकरा मिनिटं लागतात, तोवर वर्गातली निम्मी पोरं पळालेली असतात.’ मधूनच एखादा म्हातारा लिहायचा, ‘माझ्या जुनाट यंत्रावर बुद्धिबळ मस्त चालतं, देव तुमचं भलं करो.’

फाइनाला या शिव्यांचं कधी वाईट वाटलं नाही. या नोकरीआधीची सव्वीस वर्षं तिनं बेअरिंगच्या कारखान्यात सुट्या भागांचे नकाशे काढण्यात घालवली होती. तिथं रेघेची जाडी केसभर चुकली तरी मुख्य आरेखक कागद टराटरा फाडायचा आणि तोंडावर फेकायचा. तो विभाग बंद पडला, त्याच वर्षी नवरा गेला, आणि चोपन्नाव्या वर्षी ही बाई संगणक शिकली. चुकलं तर कुणीतरी ओरडलंच पाहिजे, असं तिला मनापासून वाटायचं.

फेब्रुवारीत साहेब तिच्या टेबलाशी आला. ग्लेब वालेरियानोविच, वय चौतीस, तोंडात सदा पुदिन्याची गोळी. ती गोळी दातांवर आपटत बोलायची त्याला सवय होती.

“फाइना लुकिनिच्ना, हे काय उकिरडा करून ठेवलाय? प्रांताची आरोग्य समिती आपलं पान बघणार आहे. वर बघावं तर शिव्या, खाली बघावं तर शिव्या!”

“लोक लिहितात तेच आहे.”

“मग दुसऱ्या लोकांना लिहू द्या की. तुमची भाषा किती साधी, घरगुती. दोन-चार छान अभिप्राय तुम्हीच लिहा. एखादी परिचारिका, एखादा शिक्षक. आणि ते फळकूटवालं काढून टाका.”

“नसलेली माणसं लिहू?”

“नसलेली कशी? असतीलच कुठेतरी. फक्त लिहायचा कंटाळा करतात.”

तिनं लिहिलं. निवृत्तीला तीन वर्षं होती, आणि या वयात दुसरीकडे कोण घेणार, असं तिनं स्वतःला समजावलं. पहिल्या दिवशी दोन अभिप्राय झाले, त्या आठवड्यात नऊ. मे संपेपर्यंत एक्केचाळीस. सगळ्यांत जमून आली ती व्होल्स्कची मुख्य परिचारिका लिडिया पाव्हलोव्हना. ‘मी पन्नाशीची बाई, मला यंत्रांची भीती वाटते. पण मोस्तोकवर आमचा प्रयोगशाळेचा प्रोग्राम पहिल्याच दिवशी चालला. रुग्णही खूश, मीही खूश.’ खाली टोमॅटोच्या एका नव्या जातीच्या रोपांबद्दल एक ओळही टाकली होती, खरं वाटावं म्हणून. साहेबानं तो अभिप्राय सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. पोरं हसली. फाइनाही हसली. मग मोरीत जाऊन तिनं साबण लावून हात धुतले, परत धुतले, आणि डब्यातली कुट्टूची खिचडी तशीच घरी नेली.

ऑगस्टमध्ये फोन वाजला.

“मी कार्गिन बोलतोय, सावेली तिमोफेयेविच. वेर्खन्याया तालोव्काच्या तालुका रुग्णालयात रक्त तपासतो. मला त्या व्होल्स्कच्या लिडिया पाव्हलोव्हनांचा नंबर द्या.”

फाइनाच्या हातातलं पेन थांबलं. “कशाला हवाय?”

“कशाला म्हणजे? त्यांच्याकडे चालतंय, आमच्याकडे बोंब आहे. प्रोग्राम तोच. आमच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी त्यांचा अभिप्राय वाचूनच खरेदीवर सही केली हो! मी व्होल्स्कच्या दवाखान्यात फोन केला, तिथं म्हणतात अशी बाईच नाही. बदली झाली का त्यांची?”

“बिघाड काय आहे?”

“छापील कागदावर एकाचा निकाल दुसऱ्याच्या नावापुढे येतोय. काल एका धडधाकट गवळणीला इन्सुलिन टोचणार होते. परिचारिकेनं तिला ओळखलं म्हणून वाचली. तीन वेळा अभिप्राय लिहिला मी. तिन्ही वेळा गायब!”

ते तिन्ही अभिप्राय फाइनानंच काढून टाकले होते. त्या दिवसांत ती वाचत नव्हती. पहिल्या ओळीत ‘बिघाड’ दिसला की पुसायची.

“मी येते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती निघाली. तीन तास धूळ, सुकलेली सूर्यफुलं, आणि शेजारचा माणूस खारवलेला मासा सोलत बसलेला. त्या वासानं तिनं खिडकी उघडली, पण तिला पक्कं ठाऊक होतं की दोष माशाचा नाही.

कार्गिन साठीचा, वाकलेला, जाड भिंगांचा माणूस निघाला. त्यानं तिला पेल्यात चहा दिला आणि निकालाचे दोन छापील कागद समोर टाकले, विंडोजवरचा जुना आणि मोस्तोकवरचा नवा. फाइनानं ते मिनिटभर ताडून पाहिले. नकाशे काढलेल्या डोळ्यांना फरक दिसला. मूळ प्रोग्राममधलं अक्षर अरुंद होतं. मोस्तोकनं त्याऐवजी आपलं रुंद अक्षर वापरलं होतं. त्यामुळे ‘अपोलिनारिया कॉन्स्तान्तिनोव्हना’ असलं लांबलचक नाव एका ओळीत मावेना, ते दोन ओळींत मोडत होतं, आणि तिथून खालचे आकडे एकेक घर सरकत होते. चूक एवढीशी होती.

“त्या बाईंकडे लांब नावांची माणसंच नसतील,” कार्गिन म्हणाला. “म्हणून चाललं असेल. विचारा ना त्यांना.”

“लिडिया पाव्हलोव्हना मीच आहे,” फाइना म्हणाली.

“म्हणजे?”

“व्होल्स्कला मी कधी गेलेलीही नाही. तो अभिप्राय मी लिहिला. साहेबानं सांगितलं म्हणून. तसले अजून चाळीस आहेत. आणि तुमचे तीन पुसले, ते पण मीच.”

कार्गिननं चष्मा काढला. चपलेला काहीतरी लागल्यावर बघावं तसं त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं तिच्यासमोरचा चहाचा पेला उचलला आणि मोरीत ओतला.

“टोमॅटोचं पण खोटं?” त्यानं विचारलं.

“ते पण.”

“माझ्या बायकोनं त्यावरून ती जात शोधली होती बाजारात. शी! उठा. निघा इथून.”

ती उठली. दारापर्यंत गेली. बाहेरच्या बाकड्यांवर वीस-पंचवीस माणसं दंडाला कापूस दाबून निकालाची वाट बघत होती.

“थांबा,” मागून कार्गिन ओरडला. “अक्षर बरं आहे का तुमचं?”

“आरेखक होते मी.”

“मग बसा. आकडे मी सांगतो, तुम्ही लिहा. तोंडानं एक शब्द बोलू नका.”

दुपारपर्यंत ती हातानं निकाल लिहीत बसली. जेवणाच्या सुटीत तिनं कंपनीतल्या इल्नूर नावाच्या पोराला फोन लावला. तो म्हणाला, “काकू, हे तर चाळीस मिनिटांचं काम! आधी का नाही कळवलंत?” त्यानं दुरुस्ती करून पाठवली. चारच्या सुमारास कागद सरळ छापला गेला, अपोलिनारियाबाईंची साखर त्यांच्याच नावापुढे आली. कार्गिननं तो तीनदा तपासला. आभार मानले नाहीत. फाइनालाही ते नको होते.

दुसऱ्या दिवशी नऊला ती टेबलाशी बसली आणि पुसलेले सगळे अभिप्राय परत चढवले, फळकूटवाल्यासकट. मग आपल्या एक्केचाळीस माणसांपैकी प्रत्येकाखाली एकेक ओळ लिहिली: ‘ही व्यक्ती अस्तित्वात नाही. हे मी, फाइना दोरोखोवा, कंपनीत बसून लिहिलं.’ जेवणाच्या वेळेपर्यंत पान तसंच राहिलं. मग ग्लेब वालेरियानोविच धावत आला.

“डोकं फिरलंय तुमचं? लोक या पानाचे फोटो काढून पसरवतायत! अहो, सगळेच करतात हे!”

“तुमच्या तोंडाला वास येतो,” ती म्हणाली. “पुदिन्यानं जात नाही.”

सुरक्षारक्षकानं तिला फाटकापर्यंत सोडलं.

कंपनी बुडाली नाही. आरोग्य समितीनं चौकशी नेमली, चौकशीनं खेद व्यक्त केला. हिवाळ्यात मोस्तोकचं नाव बदललं आणि नव्या पानावर नवे खूश लोक उगवले. आता ते कुणीतरी दुसरंच लिहीत होतं, आणि फार वाईट लिहीत होतं. फाइनानं दोन वाचले आणि तिसऱ्याला पान बंद केलं.

हल्ली ती तालुक्यातल्या शाळांत जाते. मोस्तोक तर घेऊन बसलेत सगळे, ते चालवायला कुणीतरी लागतंच. छपाईयंत्र जोडते, चौकोनांची अक्षरं करते. परवा एका मुख्याध्यापिकेनं हात जोडून म्हटलं, “किती छान चालतंय हो सगळं!” फाइनानं पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली.

“काय छान चालतंय? मला उघडून दाखवा.”