राजाची मिशी

मद्रासची थंडी ती केवढी, पण डिसेंबरात तमिळ मार्गळी महिना लागला की एक गृहस्थ गळ्याला मफलर गुंडाळून आमच्या मराठी मंडळात हजर व्हायचे. मूळचे तंजावरचे, जुनं मराठी तमिळ हेल काढून बोलायचे. आमच्या हिवाळी नाटकाच्या दाढ्या-मिशा तेच नारळाच्या काथ्यापासून बनवत. डिंक लावताना दर वर्षी तीच तंबी, आधी तमिळमधून, मग मराठीतून, "पोरुंगो, थांबा राजे! वाळेपर्यंत हसायचं नाही." स्टेजवर मात्र त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. विचारलं तर म्हणत, "छे, आम्हाला ते जमायचं नाही."

एका वर्षी भर दरबारात माझी मिशी गळून पडली. लोक खो खो हसू लागले. तेवढ्यात हे मफलरसकट, डिंकाची बाटली घेऊन विंगेतून आले. तीनदा मुजरा करून म्हणाले, "महाराज, आपली मिशी." ती चिकटवली आणि पाठ न दाखवता मागच्या पावली गेले. टाळ्या थांबेनात.

पुढच्या वर्षी मी पुन्हा राजा झालो. त्यांनी ब्रशाचं नुसतं टोक डिंकात बुडवलं. मी आरशातून बघत होतो. मान वर न करताच ते म्हणाले, "हसलात तरी चालेल हो, राजे."