हौसाआक्काचा रतीब

हौसाआक्का म्हशीशी आणि गिऱ्हाइकाशी एकाच आवाजात बोलायची. गंगावेशीच्या कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ म्हशी आणून उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून दूध मापायचं, ही कोल्हापूरची रीत. कट्ट्यावर बाकी सगळे बाप्ये, एकटी आक्का बाईमाणूस. "सरक की मागं!" अशी आरोळी आली की चंद्री म्हैस मागं सरके आणि रांगेतले वकीलसाहेबही मागं सरकत. आरोळी नक्की कुणाला होती, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

सत्तर साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. मी एका हातात लोटा आणि दुसऱ्या हातात पाच वर्षांच्या लेकीचं, नंदाचं, बोट धरून पहिल्यांदा त्या रांगेत उभी राहिले. पाव लिटर मागितलं. आक्कानं मला खालून वर न्याहाळलं.

"नवीन दिसतीस. मालक काय करत्यात?"

"ते इथं नसतात."

"मग कुठं असत्यात? सोडून आलीस व्हय?"

मागं आठ-दहा माणसं उभी. कानशिलं तापली माझी. "हो," म्हटलं.

"बरं केलंस का वाईट केलंस?"

आता काय सांगू! आई, भाऊ, मामा, शेजारपाजार, सगळ्यांनी आपापलं मत मला ऐकवून झालं होतं. मला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "बरं केलं."

"मग मान वर करून लोटा नीट धर. दूध सांडाय लागलंय."

नवरा स्वभावानं वाईट नव्हता असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. माझा होता. जयसिंगपूरला त्यांचं धान्याचं दुकान, घरात खायला-प्यायला भरपूर आणि मार त्याहून भरपूर. लग्नाआधी मी बी.ए. झाले होते. एक वर्ष काढून बी.एड. केलं, की हायस्कुलात नोकरी आणि माझी पोर माझ्याजवळ, एवढाच माझा हिशेब. फीसाठी गुजरीतल्या सोनाराकडं पाटल्या मोडल्या. मिरजेचा भाऊ महिन्याला चाळीस रुपये पाठवणार होता, त्यात खोलीचं भाडं, रॉकेल, रेशन आणि दोन पोटं. निघताना सासूबाई दारातून म्हणाल्या होत्या, "पोरीला पोसणं जमलं नाही तर आणून सोड. पण मग परत न्यायला येऊ नकोस." ते वाक्य वर्षभर माझ्या मानगुटीवर बसलं होतं. वर्ष पार पडलं नाही तर नंदा गेली, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आक्का मला पहिल्या दिवसापासून 'मास्तरीण' म्हणायची. "अजून झाले नाही, आक्का," म्हटलं तर म्हणायची, "रेडकू जलमलं की लगीच म्हस म्हनत न्हाय व्हय आमी?" तिच्या घरी ती, तिच्या तीन म्हशी आणि एके काळी तालीम गाजवलेला, आता गुडघे गेल्यामुळं बाजेवर बसून असणारा नवरा. ते दिवसभर गालात हसत. एवढ्या बोलण्यातून त्यांच्या वाट्याला शब्द उरतच नसावा.

दिवाळीच्या आसपास एकदा तिनं मला रांगेतून बाजूला घेतलं. घेतलं कसलं, दंडाला धरून ओढलं.

"तू काय खातीस गं?"

"म्हणजे?"

"पोरगी गुबगुबीत हाय. तुजी हाडं दिसाय लागल्यात. पाव लिटर सगळं तिलाच घालतीस न्हवं?"

"मला दूध आवडत नाही, आक्का."

"खोटं बोलायला बी अंगात रगत लागतंय," ती म्हणाली, आणि मग सगळ्या कट्ट्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "तू आता भाकड हायेस, कळलं काय?"

मी हबकलेच. शिकलेल्या घरातली बाई, मला असं चारचौघांत! लोटा तिथंच टाकून निघून जावं असं वाटलं. पण तिनं दंड सोडला नव्हता. तिनं लांब बांधलेल्या एका काळ्याभोर म्हशीकडं बोट केलं. "ती बग. सहा म्हयनं झालं, थेंब देत न्हाय. गाभन हाय. तिला मी सरकीची पेंड घालतो. का घालतो? आज मी पेंड वाचीवली, तर ईल तवा ती काय धोंडं दील? येडी मानसं काय करत्यात, दूध देनारीला चारत्यात आनि भाकडीला नुसत्या कडब्यावर ठेवत्यात. पैसा वाचीव. पन पोटाचा न्हाय आनि पुस्तकाचा न्हाय. बाकी कशाचा बी वाचीव."

पुस्तकाचं तिला कसं कळलं कोण जाणे. तेव्हा मी एकही पुस्तक विकत घेतलं नव्हतं. मैत्रिणीचं आणून निम्मं उतरवून काढायची नि डोळे चोळत बसायची. नंदानंच सांगितलं असणार. बालवाडी सुटल्यावर ती आक्काच्या गोठ्यातच असे आणि घरी येताना शेणाचा वास घेऊन येई. मी चिडले की आक्का म्हणायची, "वास धुतल्यावर जातोय."

"पैसे आणू कुठून?" मी विचारलं.

"फुकट काय बी मिळनार न्हाय," आक्कानं ताबडतोब सांगून टाकलं. "कॉलेजला जातीस त्या वाटंवर माजी पाच घरं हायेत. सकाळी रतीब घालायचा. घरामागं दोन रुपयं म्हयन्याला, आनि तुला सोताला पाव लिटर. ते माज्यासमोर प्यायचं."

बी.एड.ची विद्यार्थिनी दुधाची किटली घेऊन दारोदार! दोन दिवस मी तिकडं फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी रॉकेल संपलं आणि अभिमानही. गेले.

त्या पाच घरांतलं चौथं घर आमच्या शिक्षणशास्त्राच्या बाईंचं निघालं. हे आक्कानं मला मुद्दामच सांगितलं नव्हतं, असं मी आजही छातीठोक म्हणेन. पदर कपाळावर ओढून मी कडी वाजवली. बाईंनी दार उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि पातेलं पुढं केलं. कॉलेजात त्या तासाला मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. तास संपल्यावर बाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "उद्यापासून अर्धा लिटर जास्त घालत जा. आणि पुढं बस गं, तिथून फळा दिसत नाही." मी हे आक्काला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "अर्धा लिटर वाडला न्हवं? झालं तर."

जानेवारीत भावाचं पत्र आलं. वहिनी बाळंत झाली, बाळ अशक्त, दवाखाना चालू आहे, पुढचे काही महिने पैसे जमणार नाहीत, राग मानू नकोस. राग कसा मानणार? त्याच आठवड्यात थोरले दीर खोलीवर आले. अगदी गोड बोलले. परीक्षेपर्यंत नंदाला जयसिंगपूरला ठेव, तुझा अभ्यास होईल, खर्च वाचेल, मग बघू. त्या 'मग बघू'चा अर्थ मला कळत नव्हता असं नाही. पण मी थकले होते हो. भाडं दोन महिन्यांचं थकलं होतं, पाठाच्या टाचणवह्या अपुऱ्या होत्या, नंदाला खोकला होता. मी 'बरं' म्हटलं. रविवारी सकाळी ते न्यायला येणार होते. शनिवारी दुपारी मी नंदाचे कपडे पिशवीत भरले आणि संध्याकाळी शेवटचं म्हणून दूध आणायला गेले.

आक्काला सगळं सांगितलं. तिनं चंद्रीचं रेडकू सोडून पार पलीकडं, दिसणार नाही असं भिंतीआड बांधलं आणि धारेला बसली. आचळं ओढली, चोळली, कोमट पाणी मारलं, पेंडीचं घमेलं पुढं सरकवलं. चंद्री ढिम्म. मान वळवून वळवून भिंतीकडं बघत राहिली. बारडीत थेंब नाही. रांग खोळंबली, लोक कुरकुरायला लागले. "आक्का, रेडकू आण की!" वकीलसाहेब म्हणाले.

"गप ऱ्हावा!" आक्का त्यांच्यावर खेकसली आणि माझ्याकडं वळली. "बगितलीस? फुडं पेंड हाय, पानी हाय, मी हाय. लेकरू दिसंना म्हनून पान्हा न्हाय सोडत. मुक्या जनावराची ही गत. तुजी पोरगी तितं आनि तू हितं पेपरात काय सोडनार हायेस, सांग की!"

मला रडूच आलं, तेही भर कट्ट्यावर. आक्कानं रेडकू आणून सोडलं तसं ते ढुशा देत प्यायला लागलं आणि चंद्रीचं अंग सैल पडलं.

रविवारी दीर खोलीला कुलूप बघून आम्हाला शोधत आले तेव्हा मी आणि नंदा कट्ट्यावर होतो. मी सांगितलं, "नंदा येणार नाही." त्यांचं गोड बोलणं एका क्षणात आटलं. "पोरगी आमच्या घराण्याची आहे," ते नंदाचा हात धरत म्हणाले.

आक्का बारडी घेऊन मध्ये आली. "बसा पावणं, दूध घ्या. पोरगी तुमचीच हाय की! कोन न्हाय म्हनतंय? सात म्हयनं हितं ऱ्हायली, खाल्लं-पिल्लं, बालवाडीची फी झाली, खोकल्याचं औशीद झालं. तेवडं भागवा आनि खुशाल न्या."

दीर दुकानदार माणूस. हात आपोआप खिशावर गेला, पण आत काही शिरला नाही. "ते सगळं तिच्या आईनं बघायचं," ते म्हणाले.

"मग पोरगी बी आईच बगंल," आक्का म्हणाली. "जावा आता. म्हस बुजती."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. दिरांनी नंदाचा हात सोडला. ते परत कधी आले नाहीत.

पुढचे महिने आक्कानं मला आणखी चार घरं दिली आणि पैसे नसतील तेव्हा दूध, ज्वारी, कधी रॉकेलसुद्धा उधारीवर दिलं. "लिवून ठेव," एवढं दर वेळी बजावायची. परीक्षेच्या महिन्यात मात्र माझी नऊच्या नऊ घरं तिनं स्वतः पायी घातली. मी दुसऱ्या वर्गात पास झाले. जूनमध्ये चंदगडकडच्या एका हायस्कुलात नोकरी लागली. एस.टी.त बसताना आक्कानं नंदाच्या हातावर खरवसाचा डबा ठेवला आणि मला म्हणाली, "तितं पाऊस लई. पोरीचं डोस्कं कोरडं ठेव." बाकी निरोपाचं काही बोलली नाही.

आक्का जाऊन आता पाच वर्षं झाली. मी मुख्याध्यापिका झालेलं तिनं पाहिलं, नंदाच्या लग्नात पंगतीत उभी राहून वाढप्यांवर ओरडलीसुद्धा. पण मला ती दिसते ती पहिल्या नोकरीनंतरच्या दिवाळीतली. चार महिन्यांच्या पगारातून जमवून मी तिची सगळी उधारी घेऊन कोल्हापूरला आले होते. मनात कुठंतरी होतं, आक्का म्हणेल, असू दे गं, पोरीला खाऊ घे. खरं सांगायचं तर मी त्याची वाटच बघत होते.

आक्कानं पैसे घेतले. थुंकी लावून एक-एक नोट मोजली, सुटे पैसेही मोजले आणि कनवटीला लावले. मला जरा लागलंच. ते तिला दिसलं असावं.

"न्हाय घेतलं असतं तर बरं वाटलं असतं व्हय?" ती म्हणाली. "आनि मग? मी दिसलो की तू गल्ली बदलून गेली असतीस. लई बगितल्यात मी तशी मानसं. तू माज्या दारात ताठ मानंनं यायला पायजेस. कवा बी."

तेव्हा मात्र माझा बांध फुटला. माझ्यावर दया करणारे मला बरेच भेटले होते. मला कुणाच्याही ओझ्याखाली राहू न देणारं माणूस हे एकच. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडले.

"का गं, रडतीस का?" आक्का गोंधळली, कनवटीला हात घालून तिनं नोटा परत बाहेर काढल्या. "जास्त घेतलं काय मी?"

"नाही, आक्का," मी म्हटलं. "बरोबर आहेत."

"मग डोळं पूस आनि पोरीला आत आन. च्या उकळाय लागलाय."