आठ दिवसांचा पेपर

दुर्गेश पराते उमरेडहून सकाळच्या एसटीनं आला होता. शर्टाला कडक इस्त्री, पाठ घामानं भिजलेली. रामदासपेठेतल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखती मीच घेते. दुर्गेशचं वय बत्तीस, तीन वर्षं घरी. वडलांना लकवा झाला तेव्हा हातची नोकरी सोडून त्यांचं करायला बसला होता. कंपन्यांना कागदावरचा तेवढा 'गॅप' दिसतो, खाटेवरचा म्हातारा नाही दिसत.

विचारलं ते त्यानं धडाधड सांगितलं. फक्त इंग्रजीत बोलताना अडखळत होता. मी म्हटलं, "मराठीतच सांग गा, कोणी मारत नाही." हसला बिचारा, आणि मग असा काही बोलत सुटला की मीच वही बाजूला ठेवली.

आमचे मालक सुशील सर. त्यांची रीत अशी, की उमेदवार पसंत पडला की त्याला घरी करायला एक काम द्यायचं, नमुना म्हणून. दुर्गेशला दिलं दवाखान्याचं: पेशंटची नोंद, प्रत्येक डॉक्टरचं टोकन, समोरच्या पडद्यावर नंबर. "आठ दिवसांचा पेपर आहे समज," सर त्याला म्हणाले. मी मान हलवली. बारा वर्षं इथं मान हलवायचंच काम करते मी.

त्यानं सहाव्याच दिवशी पाठवलं. उघडून पाहिलं, आणि खरं सांगते, मला हेवा वाटला. आमच्या पगारी लोकांच्या हातून इतकं नेटकं काम होत नाही. म्हाताऱ्यांना वाचता यावं म्हणून अक्षर मोठं, आणि एकूण एक बटणावर साधं मराठी. मी शेरा लिहिला, 'याला घ्याच.'

सरांनी काम तेवढं घेतलं. त्याचं नाव काढलं, कंपनीचं लावलं आणि जवळच्याच एका दवाखान्याला विकून मोकळे झाले. त्याला मेल गेला, 'सध्या जागा नाही.' तो मेल मीच टाईप केला.

"सर, हे बरं नाही दिसत," मी म्हटलं होतं.

"काहून? मग दिपाली, तूच दे त्याले नोकरी," सर म्हणाले.

घरात कमावणारी मी एकटी. पाठवलाच तो मेल. थू माझ्या जिंदगानीवर!

चार महिन्यांनी त्याच दवाखान्यातून तक्रारीचा फोन आला. शंभराव्या पेशंटला पुन्हा एक नंबरचं टोकन मिळत होतं आणि काउंटरवर रोज हमरीतुमरी. फोनवरचा आवाज ओळखीचा वाटला.

"मॅडम, मी दुर्गेश. दुर्गेश पराते. इथं काउंटरवर लागलो मी, ठेकेदाराकडून. टोकन देतो."

म्हणजे याला सगळं कळलेलं. स्वतःच्या हातचं काम, स्वतःचीच बटणं, दिवसभर डोळ्यांसमोर, आणि वर नाव आमचं! आता हा शिव्या घालणार, मी मनात म्हटलं. घालू दे. ऐकून घेईन, तेवढं तरी करेन.

"मॅडम, माफी मागायची होती," तो म्हणाला. "ते नंबर मी दोन आकडीच ठेवले होते. नमुना म्हणून करून राहिलो होतो ना, शंभर पेशंट येतीन असं डोक्यातच नाही आलं. माह्यामुळे इथं लोकं भांडून राहिले."

समोरून सुशील सर खुणेनं विचारत होते, कोण आहे, काय म्हणतो.

"मी आजच दुरुस्त करून पाठवतो," दुर्गेश म्हणाला. मग अगदी हळू, "मॅडम, त्या चुकीपायीच मले घेतलं नव्हतं ना?"

सर माझ्याकडेच बघत होते.

"हो," मी म्हणाले.