नावाआधीचं टिंब

छापखान्यात कागद कापला की कडेच्या बारीक पट्ट्या मशीनखाली साचत राहतात. कुणी मुद्दाम जमवत नाही, पण एके दिवशी पाय अडखळतो आणि कळतं, ढीग झालाय. आमच्या महाडच्या छापखान्यातले किस्से तसेच साचलेत. मुग्धाच्या, माझ्या मुलीच्या लग्नालाही पाहुणे जमले आणि कुणीतरी म्हणालंच, “सुधीर, तो कैलासरावांचा सांग ना!”

मी शाळेत मराठी शिकवायचो. माझी बायको सुनंदा गेल्यावर घरात बसवेना, म्हणून दिनूभाऊंच्या छापखान्यात प्रुफं तपासायला जाऊ लागलो. दिनूभाऊ मालक. तिथे दोनच प्रकारचं काम मोठं, लग्नपत्रिका आणि उत्तरकार्याची पत्रं. मजकूर बहुधा एकच असतो, नावं बदलतात. ती नावं बदलण्यासाठी छापखान्यातल्या प्राचीनं कॉम्प्युटरवर पायथनमध्ये एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम लिहिला. प्राची पोलादपूरची, पुण्यात शिकून आईसाठी परत आलेली. लोक व्हॉट्सअॅपवर मजकूर पाठवतात, स्क्रिप्ट त्यातून नावं उचलते आणि पत्रिकेत बसवते.

“कसं काय उचलते गं?” मी विचारलं.

“पॅटर्न द्यायचा काका. साचा म्हणा. साच्यात बसेल ते उचलायचं, बाकीचं सोडायचं.”

बाकीचं सोडायचं, हे मला तेव्हाच जरा खटकलं होतं.

*

पहिल्याच पत्रिकेत नवरीचं नाव आलं, ‘स व त र’.

दिनूभाऊंनी कागद लांब धरला. “प्राची, ही नवरी हाय का गाडीचा नंबर?”

मुलीचं नाव सावित्री. काना, वेलांटी, पाय मोडायची खूण, सगळं गळून पडलेलं. प्राचीनं तास-दीड तास डोकं घातलं आणि वर बघितलं. “काका, मी साच्यात ‘कुठलंही अक्षर’ असं सांगितलं होतं. पण मशीन काना-मात्रेला अक्षरच धरत नाही.”

“माझ्या वर्गातली अर्धी मुलंही धरत नव्हती,” मी म्हणालो.

सुनंदा गेल्यावर मी केलेला तो पहिला विनोद. दिनूभाऊ गरजेपेक्षा जास्त हसले!

*

मग कैलासराव. पोलादपूरचे, पत्र्याचे व्यापारी. मुलाचं लग्न. आमच्याकडे पत्रिकेत खाली एक ओळ असते, घरातल्या दिवंगत मंडळींच्या आशीर्वादाची. ‘कै.’ दिसलं की ते नाव त्या ओळीत न्यायचं, असं प्राचीनं स्क्रिप्टला सांगून ठेवलेलं.

प्रूफ बघून कैलासराव स्वतः गाडी काढून महाडला आले. दारातूनच ओरडले, “अरे मी हाय अजून! वरून आशीर्वाद कसले देताय माझे?”

प्राची पांढरीफटक. झालं होतं असं, की साच्यात टिंब म्हणजे टिंब नव्हे. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर! ‘कै’पुढे काहीही आलं तरी माणूस गेलेला. कैलासरावांचा ‘ल’ त्यात सापडला.

“टिंबाआधी एक तिरकी रेघ द्यायला हवी होती काका. मग ते नुसतं टिंब राहतं.”

“म्हणजे ती रेघ असती तर मी जगलो असतो?”

“हो काका.”

कैलासराव खुर्चीत टेकले. “मग दे बाई. दोन दे!”

*

वरंधच्या विठोबा आजोबांचं मात्र हसण्यावारी नेता येईना. त्यांच्या उत्तरकार्याचा मजकूर आणि दुसऱ्या घरचं लग्न एकाच फाइलमध्ये होतं. साचा ‘कै.’पासून सुरू झाला आणि मिळेल तितकं गिळत थेट लग्नाच्या शेवटापर्यंत गेला. प्रुफावर आलं, ‘कै. विठोबा यांचा शुभविवाह करण्याचे योजिले आहे.’

मी त्या दिवशी रजेवर होतो. प्रूफ तसंच वरंधला गेलं. दुसऱ्या दिवशी मी आणि दिनूभाऊ माफी मागायला त्यांच्या घरी. नातवानं आधीच सगळं आजीला वाचून दाखवलेलं. दिनूभाऊ हात जोडून उभे.

आजी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, “करूं दे रं लगीन. थितं त्याला जेवाया कोन वाढनार?”

कुणी हसलं नाही. मग तीच हसली.

छापखान्यात आल्यावर प्राचीनं साच्यात एक प्रश्नचिन्ह घातलं. “आता हावरटपणा करणार नाही,” ती म्हणाली. “पहिला शेवट आला की थांबेल.”

*

हिरकणीवाडीच्या एका खानावळवाल्यांच्या पत्रिकेत ‘हर्षदा’ हे नाव काही केल्या सापडेना. पडद्यावर दिसतंय, साचा बरोबर, आणि स्क्रिप्ट म्हणते जुळत नाही. अर्धा दिवस गेला. शेवटी प्राचीला नावाच्या मधोमध एक अक्षर सापडलं, जे दिसतच नाही. मोबाइलवर टाइप करताना कधी कधी येतं म्हणे.

“दिसत नाही, पण आहे,” ती म्हणाली.

दिनूभाऊ वैतागले. “न दिसनारं अक्षर? त्याला शाई कुठली वापरू?”

मला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही.

*

मुग्धाचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका आमच्याकडेच छापायची हे उघड होतं. बाकी सगळा मजकूर मी एका बैठकीत लिहिला. तिच्या आईच्या नावापाशी अडलो. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं ‘सौ.’ आपल्याकडे काढत नाहीत, फक्त त्याआधी ‘कै.’ लावतात. इतरांच्या पत्रिकांत हे मी कितीदा तपासलं असेल. स्वतःच्या हातानं लिहायला आठवडा गेला. शेवटी लिहिलं, ‘श्री. सुधीर व कै. सौ. सुनंदा यांची कन्या’, आणि मोबाइल प्राचीकडे दिला.

दुपारी प्रूफ आलं. ‘श्री. सुधीर व सौ. सुनंदा यांची कन्या.’

मी वाचलं. परत वाचलं.

प्राची माझ्या मागे येऊन उभी राहिली. “काका, सॉरी. कैलासरावांच्या वेळी मी साचा घट्ट केला होता. नावाआधी एकच उपाधी, नावाला चिकटलेली. दोन येतील हे डोक्यातच आलं नाही. ‘कै.’ गळलंय. पाच मिनिटं द्या, दुरुस्त करते.”

“कर,” मी म्हणालो. “पुढच्या पत्रिकेपासून.”

एरवी प्रत्येक गोष्टीवर टोमणा मारणारे दिनूभाऊ उठले आणि त्यांनी मशीन सुरू केलं.

चार दिवसांनी वरंधहून ताईचा फोन. माझी थोरली बहीण. सुनंदाला तिनंच माझ्यासाठी पसंत केलं होतं.

“सुध्या, पत्रिका पोचली रे. पन सुनंदाच्या नावाआधी चूक हाय.”

“चूक नाही ताई.”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“बरं,” ती म्हणाली. “मग देवापुढं हीच ठेवते.”