हात नको, पाय हलवा

आयर्लंडमधल्या आमच्या नावन गावच्या मराठी मंडळाच्या बैठकीत कुठलाही प्रश्न मताला आला, की दादा दोन्ही तळवे हवेत खाली दाबायचे आणि म्हणायचे, "हात नको, पाय हलवा!" मग दिवाळीला घरून डबे आणू म्हणणारे खिडकीशी, केटरर हवा म्हणणारे समोरच्या भिंतीशी, असे आम्ही वीस-बावीस शिकलेसवरलेले लोक शाळेच्या हॉलमध्ये कोपरे धरून उभे राहायचो. ते स्वतः मात्र कुठल्याच कोपऱ्यात जायचे नाहीत. दाराशी उभं राहून बोटाने आम्हाला मोजायचे.

नियमही त्यांचेच. शंभरात पंधरा माणसं नसली तर तो गट बाद. एकदा नुसता चहा-चिवडा पुरे म्हणणारे आम्ही दोघेच निघालो. "अगं, तुमचा गट काही जगला नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "आता पाच मिनिटं मनधरणीची." त्या पाच मिनिटांत दोन्ही बाजूंनी आमची जी मनधरणी झाली, तशी माझ्या लग्नातही कुणी केली नव्हती.

तुम्ही म्हणाल, हे खूळ आलं कुठून? अमेरिकेतून. आयर्लंडला येण्याआधी ते सोळा वर्षं तिकडच्या एका मक्याच्या राज्यात होते. लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात आम्ही दोघे कामाला. नावनहून त्यांच्याच गाडीतून जायचो. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणायची, आणि रोज ऐकायची.

"कडाक्याची थंडी. शाळेच्या जिममध्ये अख्खी आळी जमते. ज्याला जो उमेदवार हवा, त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. डोकी मोजायची. त्यावरून आळीचे प्रतिनिधी ठरतात. ते जिल्ह्याला जातात, जिल्ह्याचे राज्याला, आणि राज्याचे पक्षाच्या मोठ्या अधिवेशनाला. तिथे ठरतो अध्यक्षपदाचा उमेदवार. अगं, जिममध्ये सुरू होतं आणि टीव्हीवर संपतं!"

पुढे तिकडेही ही पद्धत मोडली, आता पोस्टाने पसंतीची कार्डं मागवतात, हे कळलं तेव्हा दोन दिवस गाडीत नुसता रेडिओ चालू होता.

एकदा मी सहज विचारलं, "दादा, तुम्ही कोणत्या कोपऱ्यात असायचात?"

"मी दाराशी," ते म्हणाले. "मोजायला."

नागरिक नव्हते ना ते. ग्रीन कार्डच्या रांगेत सोळा वर्षं गेली. दर निवडणुकीला पक्षाची माणसं पाठ थोपटून म्हणायची, पुढच्या वेळी तूही कोपऱ्यात उभा राहशील. मग नोकरी गेली, पाठोपाठ व्हिसा गेला, आणि कुटुंब इकडे आलं. ऐकून माझं डोकं तापलं. त्यांचं नाही. "मोजणाराही लागतोच की कुणीतरी," म्हणाले आणि इंडिकेटर दिला.

इथलं नागरिकत्व मिळालं तसे ते एका पक्षाच्या शाखेत जायला लागले. खुर्च्या मांडायच्या, कप धुऊन प्रेसमध्ये ठेवायचे. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. मग कौन्सिलचा उमेदवार निवडायचं अधिवेशन ठरलं. शाखेने तीन प्रतिनिधी पाठवायचे होते, आणि त्यात त्यांचं नाव आलं. नाव छापलेलं कार्ड आलं. ते कारखान्याच्या बॅजमागे घालून त्यांनी आठवडाभर मिरवलं. सिक्युरिटीवालाही म्हणाला, "फेअर प्ले टू यू!" ही इथली शाबासकी.

त्याच महिन्यात पोटाचा कॅन्सर निघाला.

अधिवेशन दुसऱ्या केमोनंतर चौथ्या दिवशी होतं, संध्याकाळी सातला, घरापासून दहा मिनिटांवरच्या हॉटेलात. मी पाचला त्यांच्या घरी पोचले. दादा जॅकेट घालून, गळ्यात कार्ड अडकवून, खिडकीजवळच्या पलंगावर बसले होते. ते जॅकेट त्यांना आता दोन मापं मोठं होत होतं. डॉक्टरांनी गर्दी टाळा म्हणून सांगितलं होतं. वहिनी मला डोळ्यांनी खुणावत होत्या.

"बरं, पाय हलवा," दादा म्हणाले. "जा म्हणणारे इकडे, खिडकीशी. नको म्हणणारे दाराशी."

वहिनी दाराशी गेल्या. त्यांची लेक गेली. "नेक्स्ट टाइम, बाबा. इट विल बी ग्रँड." मग मी. जाता जाता शहाणपणही केलं. "पुढच्या वेळी, दादा. मी स्वतः नेईन तुम्हाला."

त्यांनी आम्हाला बोटाने मोजलं. मग ते बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. "चारात एक. गट जगतो बरं का," म्हणाले आणि हसले. मनधरणीची पाच मिनिटं त्यांच्या हक्काची होती. त्यांनी ती मागितली नाहीत. जॅकेटची बटणं काढायला लागले. शेवटचं निघेना, ते वहिनींनी काढलं.

दहाव्या दिवशी ते गेले.

गर्दीत जाऊन आणखी काय वाईट व्हायचं होतं, सांगा मला. एक मत, दहा मिनिटांचा रस्ता, आणि माझी गाडी खाली उभी होती. त्यांना 'पुढच्या वेळी' म्हणणाऱ्यांत मी शेवटची. हे मला रोज लिक्सलिपच्या रस्त्यावर खातं. आता त्या रस्त्याने मी एकटीच जाते.

परवा मंडळाची बैठक होती. गणपतीचं विसर्जन शनिवारी की रविवारी, एवढाच प्रश्न. नवा सेक्रेटरी म्हणाला, "हात वर करा, पटकन उरकू." सगळ्यांनी हात वर केले. मी उठले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"काय झालं ताई? थंडी वाजतेय? खिडकी लावू का?"

"नको," मी म्हटलं. "मला इथे मोज."

"पण शनिवार की रविवार?"

मी दाराकडे पाहत राहिले. तिथे कुणीच उभं नव्हतं.